पडद्यावर आमची वाळू

माझ्या मित्राचा सिनेमा पडावा अशी माझी मनापासून इच्छा होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढं मी त्याच्या सिनेमाला नावं ठेवायला लागलो की लोक म्हणायचे, हा मोठा रसिक दिसतोय. रसिक वगैरे काही नाही, माझं पोट दुखत होतं.

मित्र आमच्याच गल्लीतला. शाळेपासून आम्ही बरोबर. गॅदरिंगला नाटुकलं मी लिहायचो, भाषण तो ठोकायचा आणि टाळ्या त्याला पडायच्या. कॉलेजात एकांकिका मी लिहिली, त्यानं बसवली. करंडक घेतानाच्या फोटोत तो मधोमध आहे आणि मी त्याच्या कोपरामागं अर्धामुर्धा. पुढं तो मुंबईला गेला. मी कोपरगावातच राहिलो, कॉलेजात मराठी शिकवायला लागलो. माझं कथांचं एक पुस्तक निघालं. त्याच्या बऱ्याचशा प्रती घरीच पडून आहेत, आणि ज्या गेल्या त्या मीच लोकांच्या हातात कोंबल्या.

एवढ्यावर माझं भागलं असतं. पण त्याचा पहिला सिनेमा आला आणि एसटी स्टँडसमोर पोस्टर लागलं. गुडघाभर पाण्यात उभा असलेला इन्स्पेक्टर, हातात पिस्तूल, मागं बुडालेलं गाव, घाट आणि वाळू उपसणारी यंत्रं. खाली लाल अक्षरात लिहिलं होतं, ‘सत्य घटनेवर आधारित’. मी तिथं भाजीची पिशवी घेऊन उभा होतो. वाचलं आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला. कारण ती घटना आमची होती. आमची म्हणजे आमच्या घरातली, आणि ती मला लिहायची होती.

घटना अशी. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना नदीला मोठा पूर आला. कागदोपत्री तिचं नाव गोदावरी असलं तरी आमच्याकडं तिला गंगाच म्हणतात. पूर ओसरला की गंगेच्या पात्रात नवी वाळू येऊन पडते, धुतलेली, दाणेदार. लोकांची घरं अजून चिखलानं भरलेली असतात तोवर वाळूवाले यंत्रं घेऊन पात्रात उतरतात. साहेब लोक नुकसानीच्या पंचनाम्यांत गुंतलेले असतात, आणि जे गुंतलेले नसतात त्यांना गुंतवता येतं. त्या वर्षी काठावरच्या एका गावात घाटाला अगदी लागून वाळू उपसली गेली. खाली मोठाले खड्डे पडले आणि वरून पाणी सपाटच दिसत राहिलं.

पूर उतरल्यावर आमच्याकडच्या बायका गंगेची ओटी भरायला जातात. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू घेऊन घाटाच्या पायऱ्या उतरायच्या, थोडं पाण्यात जायचं आणि ओटी सोडायची. पाय कुठं टेकायचा हे कुणी खाली बघून ठरवत नाही. सासूनं जिथं टेकला तिथंच सून टेकते. त्या गावची एक बाई अशीच तिच्या नेहमीच्या जागी उतरली आणि नेहमीच्या जागी तळच नव्हता. बरोबरच्या बायका ओरडेपर्यंत सगळं संपलं होतं. सरकारी कागदावर मात्र ती पुरात वाहून गेली. पूर तर केव्हाच ओसरला होता, पण ते विचारणार कोण?

त्या गावच्या पोलीस चौकीत तेव्हा माझे वडील हवालदार होते. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो.

मी त्यांना या गोष्टीबद्दल किती वेळा विचारलं असेल याला गणती नाही. त्यांची बदली झाल्यावर विचारलं, निवृत्तीनंतर विचारलं, लग्नकार्यात चार माणसांत ते खुशीत दिसले की हळूच विषय काढला. उत्तर ठरलेलं. “काय न्हाई रं. पान्यानं गेली बाई.” आणि लगेच दुसरं काहीतरी, दुधाचा रतीब, नाहीतर टाकीचा गळका नळ. मी कथा लिहायला बसलो की हाच घाट समोर यायचा, पण माझ्याकडं गावभर माहीत असलेल्या गोष्टीपलीकडं काही नव्हतं. चौकीत काय घडलं, कुणी कुणाला काय सांगितलं, माझा बाप त्या दिवशी कुठं उभा होता, हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. आयुष्यात एकदा तरी त्यांनी माझ्यापाशी ते बोलावं, एवढी एकच माझी मागणी होती.

आणि आता ते पोस्टर. मी स्वतःची समजूत घातली की यालाही गावभरचं माहीत असणारच, तेवढ्यावरच त्यानं सिनेमा ठोकून दिला असणार. जरा बरं वाटलं.

पण तालुक्याच्या टॉकीजला सिनेमा लागायच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला तो माझ्या फोनवर नाही, अण्णांच्या फोनवर. “काका, दुपारच्या शोला तुम्ही यायचंच. मी स्वतः येतोय.” अण्णा टीव्हीवरच्या बातम्यासुद्धा पूर्ण बघत नाहीत, मध्येच उठून जातात. त्या माणसानं पांढरा शर्ट इस्त्रीला टाकला. आई मला म्हणाली, “तू बी चल की. रिकामा हायेस तर.”

रिकामा! बायकोनं तर सकाळीच त्याचं पोस्टर स्टेटसला ठेवलं होतं. माझ्या पुस्तकाच्या वेळी तिच्या स्टेटसला कुठल्या तरी दुकानातली पैठणी होती. मी चहात साखर जास्त झालीय एवढं म्हणालो आणि कपडे करायला गेलो.

टॉकीज बऱ्यापैकी भरलं होतं. गावचा पोरगा म्हणून लोक आले होते. हार, शाल, श्रीफळ, दोन पुढाऱ्यांची भाषणं. मित्र स्टेजवर हात जोडून उभा. दाढी राखलेली, अंगात साधा सुती कुर्ता. मोठ्या माणसांना असा साधेपणा शोभतो, आम्ही घातला तर लोक विचारतात, इस्त्री मोडली का? मग दिवे गेले आणि सिनेमा सुरू झाला.

काय सांगू, पहिल्या काही मिनिटांतच माझ्या जिवाला गारवा मिळाला. इतका वाईट सिनेमा! आमची सपाट, पिवळसर, उसाच्या मळ्यांतून जाणारी गंगा, आणि पडद्यावर तिच्या दोन्ही बाजूंना डोंगर. मी लगेच ओळखलं, हे भंडारदऱ्याला जाऊन शूट केलंय. धुकं काय, धबधबे काय. पूर आलाय की सहल निघालीय, कळेना. इन्स्पेक्टरला कोरलेली फ्रेंच कट दाढी. खात्यात अशी दाढी ठेवली तर माणसाला त्याच दिवशी साहेबांपुढं उभं करतात, हे हवालदाराच्या पोराला नाही कळणार तर कुणाला. गावातली माणसं कोल्हापूरकडची भाषा बोलत होती. त्यातली निम्मी माणसं पुराच्या पाण्यात कडक इस्त्रीचे कपडे घालून फिरत होती.

आणि ती बाई! ओटी भरणाऱ्या बाईची त्यानं टीव्हीवरची पत्रकार करून टाकली होती. ती वाळूवाल्यांचा पाठलाग करते, इन्स्पेक्टरच्या प्रेमात पडते, पावसात एक गाणं म्हणते आणि मध्यंतराच्या आधी गोळी लागून नदीत पडते. खण नाही, नारळ नाही, पायाखालचा तळ नाही. जी गोष्ट ऐकताना आमच्या गल्लीतल्या बायका आजही पदर तोंडाला लावतात, तिची त्यानं पार वाट लावली होती. मला राग यायला हवा होता. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मध्यंतरात मी सगळ्यांसाठी वडे घेतले आणि स्वतः दोन खाल्ले. शेजारचा एक ओळखीचा शिक्षक म्हणाला, “जरा ओढलाय नाही का?” मी उदारपणे म्हणालो, “पहिलाच प्रयत्न आहे, सांभाळून घ्यायला हवं.” असं बोलताना किती सुख होतं ते कसं सांगू!

अण्णा मात्र वडा हातात धरून बसले होते. खाल्ला नाही. मी विचारलं, “कसा वाटतोय?” ते म्हणाले, “बघू की पुढं.”

पुढं गोळीबार होता. इन्स्पेक्टर भ्रष्ट, त्याचा साहेब त्याहून भ्रष्ट, मंत्री सगळ्यांत भ्रष्ट. माणसं वाळूच्या ढिगांमागून गोळ्या झाडत होती. मी घड्याळ बघायला लागलो. आणि मग कसलीही सूचना न देता ते दृश्य आलं.

एक हवालदार ड्युटीवरून घरी येतो. सिनेमात त्याला आत्तापर्यंत काहीच काम नव्हतं, नुसता मागं उभा असायचा. घराचं वरचं बांधकाम अर्धवट. अंगणात वाळूचा ढीग. त्याचा कॉलेजातला पोरगा चाळणी तिरकी लावून वाळू चाळतोय. हवालदार फाटकात थांबतो. मग येऊन पोराच्या हातातलं फावडं काढून घेतो आणि गणवेशात, बुटांसकट, त्या ढिगावर बसतो. पाणी मागतो. पोरगा तांब्या आणून देतो. तो पाणी पीत नाही. सगळा तांब्या त्या वाळूवर ओततो, हळूहळू, अगदी तळापर्यंत. मग रिकामा तांब्या पोराच्या हातात देतो आणि म्हणतो, “मिस्त्रीला सांग, उद्या ये म्हनावं.”

टॉकीजमध्ये कुणाचा तरी मोबाईल वाजला. मागच्या रांगेतलं एक पोरगं म्हणालं, “आई, हे काय चाललंय?” लोकांना त्यात काही दिसलं नाही. मला सगळं दिसलं, कारण तो पोरगा मी होतो.

त्या पुराच्या वर्षी आम्ही घरावर एक खोली बांधत होतो. वाळू मिळत नव्हती म्हणून काम अडलेलं. एक दिवस सकाळी उठलो तर दारात वाळूचा मोठा ढीग. कुणी आणून टाकली, कुणी मागवली, आम्ही विचारलं नाही. मला तर इतका आनंद झाला की आंघोळ न करता चाळायला लागलो. त्या वाळूत बारीक बारीक शंख होते. धाकटी बहीण ते चाळणीवरून वेचून फ्रॉकमध्ये भरत होती. दुपारी तिला आईनं जेवायला आत बोलावलं आणि मी एकटाच चाळत होतो तेव्हा अण्णा आले. पडद्यावर जे झालं तेच झालं. तसेच बसले. तसाच तांब्या ओतला. मला वाटलं, वाळू उडू नये म्हणून पाणी मारताहेत. इतकी वर्षं मला तेच वाटत होतं. आता अंधारात बसून मी हिशोब लावला तेव्हा कळलं, ती बाई बुडाली त्यानंतरच हा ढीग आला होता. कुणी पाठवला, कशासाठी पाठवला आणि अण्णांनी कुणाच्या नावानं पाणी सोडलं, हे समजायला मला मित्राचा टुकार सिनेमा बघावा लागला.

आणि पाठोपाठ दुसरी गोष्ट कळली. तेव्हा अंगणात आम्ही दोघंच होतो. मी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. म्हणजे अण्णांनी सांगितलं. त्याला सांगितलं.

पुढचा सिनेमा मी बघितला नाही. डोळे पडद्यावर होते एवढंच. शेवटी बहुतेक सगळे मेले.

बाहेर आल्यावर मित्राभोवती सेल्फीवाल्यांचा गराडा पडला होता. त्यानं अण्णांना बघितलं, गर्दी बाजूला सारून आला आणि पायाला हात लावला. अण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. माझं पुस्तक मी त्यांच्या हातात दिलं होतं तेव्हा त्यांनी पानं चाळून म्हटलं होतं, “कागद चांगला हाय.” मला हे सगळं तिथं आठवायचं काही कारण नव्हतं. पण आठवलं.

मित्र माझ्याकडं वळून म्हणाला, “संध्याकाळी फोन करतो. खरं खरं सांग हं.” मी म्हणालो, “हो, हो.” त्याच्या कुर्त्याची बाही धरून गदागदा हलवावी असं वाटत होतं.

घरी पोचल्यावर बायको मुलीला क्लासवरून आणायला गेली. अण्णा ओसरीवरच्या खाटेवर बसले. मी चपला न काढता तसाच समोर उभा राहिलो.

“तो कधी आला होता?”

उत्तर आईनं दिलं. “दोन वर्सामागं, उन्हाळ्यात. तू पेपर तपासायला राहुरीला जात व्हतास तवा. दोनतीनदा आलता दुपारचा. सरबत प्यायचा आन बसायचा ह्यांच्यापाशी.”

“आणि मला कुणी सांगितलं नाही.”

“त्यात काय सांगायचं? पोरगं भेटायला आलतं.”

मी अण्णांकडं वळलो. माझा आवाज चढला होता, मला ऐकू येत होता. “मी इतकी वर्षं विचारतोय. पाया पडायचा तेवढा राहिलो. मला म्हणे पाण्यानं गेली. आणि तो सरबत प्यायला येतो आणि तुम्ही त्याला सगळं सांगता? तांब्यासुद्धा?”

“व्हय,” अण्णा म्हणाले. “सांगितलं.”

“का पण? तो काय जास्त जवळचा आहे?”

अण्णा शर्टाची वरची गुंडी काढत होते. निघेना, तशी सोडून दिली. मग म्हणाले, “त्याला सांगून मोकळा झालो. तो मंबईला निगून गेला. तुला हितंच ऱ्हायचंय. तुजी पोरगी वरच्या खोलीत झोपती.”

आई आत गेली आणि उगीचच भांडी लावायला लागली. वाळू आली त्या दिवसापासून तिला सगळं माहीत असणार, हे मला तिच्या भांड्यांच्या आवाजावरून कळलं. वरच्या खोलीत मी, बायको आणि मुलगी झोपतो. माझं टेबल तिथं आहे. ते एकुलतं एक पुस्तक मी तिथंच बसून लिहिलं. माझं लग्न झालं तेव्हा त्या भिंतींना आम्ही फिकट हिरवा रंग दिला. प्लॅस्टर इतकं सुरेख बसलंय की मिस्त्री तेव्हा म्हणाला होता, वाळू चांगली चाळली होती पोरानं.

“परत का नाही पाठवली वाळू?” मी विचारलं. आवाज खाली आला होता.

“परत नेनारा आला पायजे ना कुनी. आनून टाकनारा रातीत आला आन गेला. साहेब दुसऱ्या दिवशी म्हनले, घराचं काम लागलं का मार्गी? मी म्हनलो, व्हय साहेब.” ते परत गुंडीशी चाळा करायला लागले. “तेवढंच म्हनलो.”

मग ते आत गेले आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

मला त्यांचं म्हणणं पटलं. पटलं म्हणून जळफळाट कमी झाला, असं मात्र अजिबात नाही. उलट वाढला. त्यांनी मला घर दिलं आणि त्याला गोष्ट दिली. मला विचारलं असतं तर मी काय मागितलं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नाही.

संध्याकाळी मित्राचा फोन आला. मी गच्चीवर जाऊन घेतला. “बोल,” तो म्हणाला. “माझं कौतुक करायला बाकीचे आहेत. तू खरं सांग.”

माझ्याकडं दारूगोळा तयार होता. “गंगेला डोंगर कुठून आले रे?” मी म्हणालो.

तो हसला. “निर्मात्याला हवे होते. म्हणाला, सपाट नदी बघायला तिकीट कोण काढेल?”

“आणि ती पत्रकारीण?”

“तीसुद्धा त्याचीच. ओटीचं सगळं मी लिहिलं होतं. शूटसुद्धा केलं होतं. कापलं.” त्याचा आवाज पडला. “सिनेमा वाईट झालाय, मला माहीत आहे. माझा म्हणून तेवढाच एक सीन उरला. तोही काढ म्हणत होते, त्यात काही घडत नाही म्हणे. मी म्हणालो, हा काढलात तर माझं नाव काढा.”

हे मला नको होतं. तो लबाड निघाला असता, आमची गोष्ट बाजारात विकून पैसे करणारा निघाला असता, तर माझं किती सोपं झालं असतं. मी त्याला शिव्या घातल्या असत्या आणि जेवायला बसलो असतो. इथं तो माझ्या बापाच्या तांब्यासाठी भांडून आला होता.

खरं म्हणजे मला सिनेमाचं काहीच विचारायचं नव्हतं. दुपारपासून डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. “एक सांग,” मी म्हणालो. “हे सगळं सांगताना अण्णा रडले का?”

पलीकडं कुणीतरी त्याला हाका मारत होतं, त्यानं त्यांना थांबायला सांगितलं.

“हो,” तो म्हणाला. “बराच वेळ. मला काय करावं कळेना, म्हणून मी त्यांचा हात धरून बसून राहिलो.”

मी फोन ठेवला. आजी गेली तेव्हा अण्णा रडले नाहीत, बहिणीची पाठवणी करताना रडले नाहीत, स्वतःच्या छातीचं ऑपरेशन झालं तेव्हाही नाही. मी त्यांचा एकुलता एक मुलगा, रोज त्यांच्यासमोर जेवायला बसतो, आणि मी त्यांना रडताना अजून पाहिलेलं नाही. त्यांचा हात शेवटचा कधी धरला होता, तेही मला आठवत नाही. त्यानं तो धरला होता, आमच्याच ओसरीवर, आमच्याच खाटेवर बसून.